वाचकांच्या शंका : आलेखातला एकच उंच स्तंभ

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील पाऊस मोजतात. जुलैच्या ३० नोंदी ० ते ३८ मिलिमीटर आहेत, एका सोमवारची मात्र १८७. त्या स्तंभामुळे बाकीचे स्तंभ जमिनीला चिकटल्यासारखे दिसतात. ही नोंद वगळावी का?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : आलेखाला हात लावण्याआधी वही उघडावी. १८.७ मधला दशांशचिन्हाचा टिंब राहून गेला आहे का, हे तर पाहावेच. पण नोंद सोमवारची असल्यामुळे आदल्या रविवारच्या रकान्यातले शून्य खरोखरच कोरड्या दिवसाचे आहे की त्या दिवशी कोणी मोजायलाच आले नव्हते, हे आधी विचारावे. न मोजलेला दिवस म्हणजे शून्य पाऊस नव्हे. तसे झाले असल्यास सर्वच रविवार तपासावे लागतील, आणि १८७ हा आकडा दोन दिवसांची बेरीज म्हणून तशी टीप देऊनच दाखवावा लागेल.

शेजारच्या महसूल मंडळाचा आकडा जुळला नाही म्हणून आपला चूक ठरत नाही, कारण नाल्याच्या अलीकडे धो-धो आणि पलीकडे कोरडे, हे आपल्याकडे नवे नाही. त्यापेक्षा त्या दिवशी नाला कुठवर चढला होता आणि कोणाची पऱ्हाटी खरडून गेली, हे गावात विचारावे.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांचा नियम असा, की नोंदी चढत्या क्रमाने लावून त्यांचे चार समान भाग पाडणाऱ्या तीन सीमा, म्हणजे चतुर्थक, काढावेत आणि तिसऱ्या चतुर्थकाच्या वर, पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकांतील अंतराच्या दीडपटीहून दूर असलेली नोंद वेगळी काढून पाहावी. पाहावी, खोडावी असे नव्हे. पावसाच्या आकड्यांत शून्ये पुष्कळ असल्याने या नियमात तुमची ३८ मिलिमीटरची साधी सरही अडकू शकते.

नोंद खरी ठरली, तर ती ठेवावीच. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि पंचनाम्यांसाठीही हा निकष पाहिला जातो. मग दोन आलेख काढावेत : एक पूर्ण, दुसरा ४० मिलिमीटरपर्यंतचा, ज्यात तो स्तंभ वर ठळकपणे तोडून माथ्यावर १८७ लिहिलेले असेल. लॉगरिदमी मापश्रेणी (जिच्यात १, १०, १०० अशा दसपटीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात) येथे नको, तिच्यात शून्याला जागाच नसते. सरासरीसोबत मध्यकही, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या नोंदींतला मधोमधचा आकडाही, द्यावा.

आणि रविवारच्या मोजणीसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावावी.