घाट रंगवण्याआधी दगड बघ

अगं, चित्रांचे फोटो परवाच बघितले, पण व्हॉट्सॲपवर नुसतं 'मस्त' टाकून मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून हे पत्र. माळशेजच्या चारही लँडस्केपमध्ये हात बसलेला दिसतो, धुकं तर भारीच, पण खरं सांगू का, सगळी चित्रं गाडी कडेला लावून काढलेल्या फोटोसारखी वाटतात.

पेर किर्केबीचं काम बघ एकदा. डॅनिश पेंटर, 1938 ते 2018. हा माणूस कोपनहेगनला भूगर्भशास्त्र शिकला, ग्रीनलंडच्या मोहिमांवर जाऊन आला आणि त्याच दिवसांत 1962 पासून कोपनहेगनच्याच एक्स-स्कोलेन नावाच्या प्रायोगिक कलाशाळेतही होता. त्याची चित्रं म्हणजे काही दगडांचे नकाशे नाहीत, भूगर्भशास्त्र उतरलंय ते रंग चढवण्यात, एक थर, त्यावर दुसरा, मधेच खरवडलेलं, खालचं कुठूनतरी डोकावतंय, म्हणजे जमीन जशी साठत आणि झिजत जाते तसंच. कॅनव्हासच पाहिजे असंही नाही, मॅसोनाइट घ्यायचा, म्हणजे आपला हार्डबोर्ड, 122 बाय 122 सेंटिमीटर. हिशोब केलास तर 4 फूट, प्लायवूडवाल्याकडची 8 बाय 4 ची शीट मधोमध कापली की झालं! काही बोर्ड काळे करून त्यावर चक्क फळ्यासारखं खडूने काढलंय.

आता तुझं तिसरं चित्र. काळ्या कड्यातला तो लाल पट्टा तू क्रिमसनने उठावदार केलास, का तर कॉन्ट्रास्ट. पण सह्याद्रीत असा पट्टा असतो तो कशामुळे? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक आले, मधल्या काळात खालच्याचा वरचा भाग हवापाण्याने कुजून लाल झाला, लोहामुळे, आणि मग पुढचा लोंढा त्याच्यावर. गेरूतही तेच आयर्न ऑक्साइड, उन्हात उडत नाही. तर गेरू जवसाच्या तेलात घोट, आधी पूर्ण बोर्डावर लाव, नीट सुकू दे (तेल हवेतल्या ऑक्सिजनने सुकतं, घाई चालत नाही) आणि मग वरून काळा चढव, लाल हवा तिथे खरवड.

प्रायमर मात्र दोन्ही बाजूंनी मार, माझा एक बोर्ड जुलैत पापडासारखा वळला होता.

येताना गेरू आणू नकोस, डबाभर पडलाय. बोर्ड तेवढा आण, रिक्षावाल्याला आधी विचारून घे, 4 फुटी आडवा मावत नाही.