विंचूदंशाच्या अभ्यासापासून सुरुवात कर

अगं, संशोधन म्हटलं की तू थेट पी-व्हॅल्यू या संख्याशास्त्रातल्या आकड्यापाशी जाऊन अडखळतेस. ती आकडेमोड नंतर. आधी आपल्या कोकणातलाच एक अभ्यास वाच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांचा, विंचूदंशावरचा, २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन हे औषध, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत लक्षणं पूर्ण गेली ती पहिल्या गटात ८ जणांची, दुसऱ्यात ३२ जणांची.

आता प्रश्न विचार. रुग्ण कोण होते? विषबाधा तीव्रतेच्या दुसऱ्या श्रेणीचीच. फुफ्फुसात पाणी झालेले त्यात नव्हते. म्हणजे तशा रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावायचा नाही. शिवाय कोणाला काय दिलं ते लपवलेलं नव्हतं. हेही लक्षात ठेव. माझ्या मते अभ्यासाची मर्यादा ओळखता येणं हेच खरं वाचन.

वॉर्डात कोणी "आमच्याकडे असंच करतात" म्हणालं, तर आदरानेच आधार विचार. आणि दंशाचा रुग्ण आला की घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं म्हणून रागावू नकोस. दंशाची वेळ, दाखल झाल्याची वेळ, वाटेत काय उपचार झाले, सगळं केसपेपरवर नीट लिही. पुढचे अभ्यास त्यातूनच होतात.