जुन्या गोव्याचं बॉम जीजस बॅसिलिका हे चर्च बरोक, म्हणजे युरोपातल्या त्या भपकेबाज, नक्षीदार शैलीतलं आहे का? आणि बाकीची चर्च पांढरी असताना हे तांबडं का?

कारण त्याचा गिलावा काढलाय. पहिल्यापासून उघड्या चिऱ्याचंच, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचंच होतं, असं लोक ठोकून देतात. त्यात काही तथ्य नाही. 1594 साली काम सुरू झालं, 1605 मध्ये पुरं झालं आणि त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं भिंतींवर चुना होता. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो उतरवला. दगड दिसला की इमारत जुनी वाटते, एवढ्यासाठी! दर्शनी भागातले खांब आणि नक्षी वसईहून आणलेल्या काळ्या दगडाची आहे, तिला गिलाव्याची गरजच नव्हती. चिऱ्याला होती.

एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण याच चर्चवरून आमच्या घरात वाजलंय. कुडाळला घर बांधलं तेव्हा मेहुण्याने गिलावा करूच दिला नाही. तो बांधकामातला, त्यामुळे त्याच्यापुढे माझं कोण ऐकणार? "भावोजी, बॉम जीजस बघा, चारशे वर्षं उघडं उभं आहे!" दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत हिरवीगार. आत कपाटामागे ओल, आईच्या लुगड्यांना बुरशी. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, हे मान्य. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. आमचे आजोबा झड लागू नये म्हणून पडवीला झावळ्या बांधायचे, ते काय हौस म्हणून? बॅसिलिकाचे चिरेही झिजतायत. 2020 मध्ये तिथल्या रेक्टरांनीच, म्हणजे मुख्य पाद्रींनीच, गिलावा परत करा म्हणून जाहीर मागणी केली होती. मेहुण्याला ती बातमी पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्याच्या स्वतःच्या घराला बाहेरून गिलावा आहे, वर रंगही.

बरोकचं म्हणाल तर बाहेरून अर्धंमुर्धं. खरं बरोक आत आहे: सोन्याने मढवलेली वेदी, खाली बाळ येशूची छोटीशी मूर्ती आणि तिच्या डोक्यावर जेझुइट पंथाचे संस्थापक, भलेथोरले संत इग्नेशियस. शेजारी संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचा, 1698 साली इथे आणून जोडलेला.

तुमचंही चिऱ्याचं घर असेल तर गिलावा कराच. फक्त चुन्याचा, सिमेंटने ओल आत कोंडते. आणि हो, छपराच्या कडा भिंतीबाहेर लांब आलेल्या असतील तर उघडी भिंत थोडीफार चालून जाते. आमच्या नाहीत. तेही त्यानेच ठरवलं.