निलगिरीची तोड: कंपनीकडून आधी काय लिहून घ्यायचं

तुमची अडचण अशी: ३ एकर निलगिरी, करार कंपनीशी, पाचवं वर्ष लागलंय, लागवडीच्या वेळचा फिल्ड ऑफिसर बदलून गेला आणि नवा फोनवर "तोडून ठेवा, गाडी पाठवतो" एवढंच म्हणतो. दराची घासाघीस नंतर करा. आधी तोडीची तारीख आणि गाडीची तारीख एकमेकींना बांधून घ्या.

ओल्या निलगिरीच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं आणि पैसे टनावर मिळतात. एप्रिल-मेच्या उन्हात माल बांधावर पडून राहिला आणि १० टनांचा ढीग ८ टनांवर आला, तर दर तोच राहून पाचवा हिस्सा गेला. साल ओली असताना सहज सुटते, वाळली की लाकडाला चिकटते आणि सोलायची मजुरी वाढते. म्हणून गाडी ठरल्याशिवाय एकही झाड पाडू नका, आणि पाडाल ते त्या गाडीपुरतंच. पावसाळ्याआधी उरकणं भाग आहे. बांधीत चिखल झाला की भरलेली गाडी निघत नाही.

फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत लिहून पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे अमुक तारखेला गाडी, तोड आदल्या दिवशीपासून." त्याशिवाय कंपनीच्या कार्यालयाला कराराची प्रत जोडून पत्र द्या आणि पोच घ्या. माणूस बदलतो, करार कंपनीशी असतो.

पत्रात विचारा: दर बांधावरचा की कारखाना पोच? तोड, सोलणी, भराई, भाडं कुणाच्या अंगावर? बारीक टोकाचा घेर किमान किती, आणि तो सालीसकट की सोलून? इथे भांडणं होतात, कारण शेतात चाललेला शेंडा कारखान्याच्या दारात नाकारला जातो. वजन कोणत्या काट्यावर? रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या दोन्ही पावत्यांचे फोटो घ्या, गाडी नंबर दिसला पाहिजे.

बोलायला जाण्याआधी झाडं मोजा. ३ × २ मीटरवर एकरी सुमारे ६७० बसतात, म्हणजे तुमची २,००० च्या आसपास. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरल्या नसतील तर कमी निघतील. दर दहाव्या ओळीतल्या झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजून वहीत लिहा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर ई-पीक पाहणीत करून घ्या, आणि तोड-वाहतुकीचे कागद कोण काढणार तेही पत्रात विचारा.

खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं, मात्र विसरू नका, करार त्यावर गप्प असू शकतो. दुसरं पीक कुणाला विकायचं हे आत्ताच लिहून घ्या. टोळीच्या मुकादमाला तोडीआधी शेतात उभं करून एक बुंधा दाखवा: जमिनीपासून १०-१५ सेंमीवर, तिरपा, साल न फाटता. बुंध्यांवर फांद्यांचा ढीग नको, गाडीचं चाक नको. साल फाटलेल्या बुंध्याला धुमारे धड येत नाहीत, आणि ती झाडं पुढच्या तोडीत तुमच्याच मोजणीत कमी भरतात.