कॅथलिक शाळेत समाजसेवेचे तास सक्तीचे का असतात? आम्ही हिंदू आहोत, मुलाला धर्माच्या तासाला बसवावं का?

धर्माच्या तासाचं आधी उरकतो. बहुतेक ठिकाणी तो तास फक्त कॅथलिक पोरांना असतो, बाकीच्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण. आणि घटनेचं कलम २८(३) आहेच, मान्यताप्राप्त शाळेला पालकाच्या संमतीशिवाय पोराला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. नको असेल तर लिहून द्या, विषय संपला.

सेवेचे तास लावतात कारण आम्हा कॅथलिकांत कृतीशिवाय विश्वास मेलेला, असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रातच आहे. पण तास मोजायचे कसे, हे माझं जुनं दुखणं.

२०१६ला मी लातूरला नववीत होतो. पोप फ्रान्सिस यांनी ते दयेचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, म्हणून धर्मशिक्षणाच्या तासाला आमच्याकडून दयेची सात कामं घोकून घ्यायचे, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आणि इकडं गावात नळ कोरडे, मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलेलं. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती नंतर, एप्रिलात.

शाळेनं २० तास सेवा लावली होती. वर्गातली पोरं बसनं वृद्धाश्रमात गेली, बिस्किटं वाटली, बॅनर धरून फोटो काढले, आली. मी गेलो नाही कारण गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा आणि शेजारच्या खाला एकट्या, गुडघे गेलेले, त्यांच्या घागरींचा नंबर मी लावायचो, रात्री दोनला टँकर आला तरी. (खरं सांगतो, पहिले दोन दिवस आईनं हाकललं म्हणून गेलतो.) महिन्याभरात २० तास कधीच होऊन गेले. फॉर्मवर खालांनी अंगठा दिला. शाळेनं फॉर्म परत केला, म्हणे संस्थेचा शिक्का नाही. तास शून्य.

त्याच आठवड्यात पवित्र गुरुवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा गुरुवार. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, त्या बारांत मी. फादरनी एका तांब्यात बाराही जणांचे पाय उरकले, आणि परातीतलं पाणी संडासाच्या बादलीत गेलं, फेकलं नाही कुणी.

तेव्हाचे सर अजून भेटले की म्हणतात, नियम नसता तर कुणीही अंगठा आणला असता. म्हणलं सर, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, तिथं शिक्का कुठून आणू?

तर तुमच्या पोराला लांब पाठवू नका, गल्लीतच कुणाचं तरी काम धरू द्या. आता सगळ्या शाळा अशा नसतात, आणि वृद्धाश्रमात जाणं वाईट असंही नाही, नेमानं जाणार असाल तर जा. फक्त सुरू करायच्या आधी शाळेत विचारून घ्या, फॉर्मवर कुणाची सही चालते, आणि अंगठा चालतो का.