आधी माणसं, मग हॉल

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. पणजीत वेब-स्टार्टअपवाल्यांची ओळखपाळखीची संध्याकाळ भरवायची म्हणून तू पाठवलेला आराखडा वाचला. पहिल्या पानावर हॉल, दुसऱ्यावर पाहुणे वक्ते, तिसऱ्यावर बॅनरचा आकार. कोणाला बोलवायचं ते शेवटच्या ओळीत, तेही 'इच्छुकांनी नोंदणी करावी' एवढंच. हा आराखडा उलटा कर. यादी आधी. बाकी सगळं यादीवरून ठरतं, अगदी महिनासुद्धा.

महिना कसा, ते बघ. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोरांना गोव्यात तोटा नाही. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ पासून आहे, झुआरीनगरचं बिट्स हे दुसरं इंजिनिअरिंग कॉलेज २००४ पासून. तोटा आहे तो गिऱ्हाइकाचा. आणि इथलं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेल, गेस्टहाऊस, भाड्याच्या दुचाक्या, घाऊक मासळी, वेर्ण्याचे कारखाने. ऑक्टोबर ते मार्च कळंगुटचा हॉटेलवाला संध्याकाळी सहाला काउंटर सोडून पणजीला येणार नाही. तू कितीही गोड बोललीस तरी. पावसात मात्र त्याच्या खोल्या रिकाम्या आणि तोही रिकामा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला असतात, म्हणजे मासळीवाल्यालाही सवड. म्हणून जुलै धर. ऑगस्टमध्ये ढकललंस तर श्रावण आणि पाठोपाठ चतुर्थीची धावपळ, आणि चतुर्थीत पणजी आपापल्या गावी गेलेली असते. नोव्हेंबर तर विसरच, त्या महिन्याच्या शेवटी इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त.

वार बुधवार. सोमवारी लोक आठवड्याच्या कामात बुडालेले, शुक्रवारी घराकडे निघालेले, आणि सोमवार-गुरुवार आपल्याकडे अर्ध्या घरांत मासळी चालत नाही, म्हणजे खाण्याचं दुहेरी नियोजन. बुधवारी ही कटकट नाही.

आता यादी. पहिल्या वेळी तू आणि तुझी सोबतीण अशा दोघी यजमान धरून तीस माणसं पुरेत. दहा फाउंडर म्हणजे स्टार्टअप काढणारे, सात डेव्हलपर-डिझायनर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आठ गिऱ्हाइकं, एक सीए, एक वकील, एक गुंतवणूकदार. गुंतवणूकदार एकच का, असं विचारशील. ज्या खोलीत चार गुंतवणूकदार असतात तिथे सगळे फाउंडर त्यांच्याभोवती रांग लावतात आणि हॉटेलवाला कोपऱ्यात एकटा वडा खात उभा राहतो. पहिला पैसा देणार आहे तो हॉटेलवाला. त्या एका गुंतवणूकदारालाही आधीच सांगून ठेव की इथे पिच, म्हणजे पैसे मागायला केलेलं धंद्याचं सादरीकरण, ऐकायचं नाही, फार तर पुढच्या आठवड्यात वीस मिनिटांची कॉफी कबूल करायची. फाउंडरांनाही तेच सांग. चहाचा कप हातात धरून लॅपटॉप उघडणारा पोरगा दोघांचीही संध्याकाळ घालवतो.

आमंत्रण पोस्टर टाकून नको, फोन करून दे. फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे येतात असंच धरून चालावं लागतं. दोनशे रुपये आगाऊ घेतलेस तर जवळजवळ सगळे येतात. गिऱ्हाइकांकडून मात्र पैसे घेऊ नकोस. त्यांना फोनवर एकच प्रश्न विचार: "तुमचं कुठलं काम अजून वहीत चालतं?" 'तुम्हाला टेक्नॉलॉजीची काय गरज आहे' असं विचारलंस तर "आमचं बरं चाललंय" हेच उत्तर मिळेल. वहीचं विचारलंस की माणूस खुलतो. लाँड्रीला गेलेल्या चादरी, कामगारांची उचल, बर्फाचा हिशोब, गाडीची चावी कोणाकडे आहे. जे सांगेल ते त्याच्या नावापुढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. त्या संध्याकाळचं तुझं सगळं भांडवल म्हणजे हा रकाना.

काही लोक न बोलावता येतील. प्लॉट विकणारे, विमा विकणारे, 'डिजिटल मार्केटिंग' करून देणारे. खिशात चाळीस कार्डं, आणि निघताना खिशात एकही नाही. माणसं वाईट नसतात, पण तिसाच्या खोलीत असे पाच झाले की बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत. १९९८ साली लंडनमध्ये 'फर्स्ट ट्यूसडे' नावाच्या अशाच संध्याकाळी सुरू झाल्या. तिथे छातीवर रंगीत टिकल्या लावत: फाउंडरला हिरवी, गुंतवणूकदाराला लाल, सेवा पुरवणाऱ्याला पिवळी. युक्ती सुटसुटीत आहे, पण मला पटत नाही. टिकली बघून माणूस तोंड उघडण्याआधीच समोरचा पाठ फिरवतो. त्यापेक्षा यादीतच काटछाट कर आणि दारावर नम्रपणे 'पुढच्या वेळी' म्हण.

उचलण्यासारखी युक्ती त्याहून जुनी आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला, ॲपलचा वॉझनियाक जिथला. त्यांच्या सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागाला 'मॅपिंग' म्हणत: एकेकाने उभं राहून आपल्याकडे काय आहे, काय हवंय ते थोडक्यात सांगायचं. दुसरा 'रँडम ॲक्सेस': ज्याचं ऐकून कान टवकारले त्याला गर्दीत गाठायचं. तू हेच कर. पावणेसहाला दार उघड, सव्वासहाला गोल उभं करून प्रत्येकाला तीस सेकंद दे. हिशोबाने चौदा-पंधरा मिनिटं होतात, प्रत्यक्षात वीस लागतील. नाव, काय करतो ते एका वाक्यात, काय हवंय, काय देऊ शकतो. हातात स्वयंपाकघरातला टायमर ठेव आणि पहिल्यालाच बेधडक थांबव. पहिल्याला दोन मिनिटं बोलू दिलंस तर विसावा माणूस तीन मिनिटं बोलेल. सगळे बोलत असताना तुझी सोबतीण भिंतीवरच्या मोठ्या कागदावर 'हवंय' आणि 'देऊ शकतो' असे दोन रकाने भरत राहील. तो कागद चहाच्या टेबलाजवळ लाव. एकट्या उभ्या माणसाला वाचायला काहीतरी मिळतं.

भाषेचं आधी ठरव. सुरुवात तू इंग्रजीत केलीस की पेडण्याचा, सत्तरीचा मुलगा नावापुढे काही बोलणार नाही, मग त्याचा कोड कितीही चांगला असो. आसगावात राहून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करणाऱ्याला कोकणी-मराठी येत नाही हेही खरं. म्हणून स्वतः कोकणीत किंवा मराठीत सुरुवात कर, दोन वाक्यं इंग्रजीत सांग, आणि ज्याला जी येते ती चालेल हे बोलून दाखव. न बोलता ते कोणाला कळत नाही.

मग पाऊण-एक तास मोकळा. हाच तुझा खरा कामाचा वेळ, आणि इथेच बहुतेक आयोजक फोटो काढण्यात रमतात. ओळख करून देणं म्हणजे 'हे अमुक, हे तमुक, बोला तुम्ही' नव्हे. दोघांनाही धरायला दोरी हवी. समज, फाउंडर हाऊसकीपिंगचं ॲप करतोय आणि समोर कळंगुटचे बावीस खोल्यांचे मालक आहेत. तेव्हा असं म्हण: "यांच्या चादरी लाँड्रीला जातात छत्तीस आणि परत येतात चौतीस. कोणाकडे राहिल्या ते वहीत सापडत नाही. आणि हा नेमकं तेच मोजायचं बघतोय." एवढं बोलून तिथून नीघ. तू थांबलीस तर दोघंही तुझ्याशीच बोलतील.

चारांपेक्षा मोठ्या घोळक्यात गप्पा आपोआप दोन तुकड्यांत फुटतात, त्याची काळजी नको. काळजी घट्ट वर्तुळाची. बाहेरच्याला आत शिरता येत नाही. तुम्ही दोघी ज्या घोळक्यात उभ्या राहाल तिथे घोड्याच्या नालेसारखी एक बाजू उघडी ठेवा. दोघींपैकी एकीने सव्वासहापर्यंत दार सोडायचं नाही. उशिरा आलेल्याला ती आत नेऊन कोणाच्या तरी स्वाधीन करेल. दुसरी फिरती.

नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या नकोत. जुलैत दमट, घामेजल्या सुती शर्टावर त्या अर्ध्या तासात सुटतात. पिनेची किंवा गळ्यातली कार्डं घे. जाड मार्करने पहिलं नाव मोठं, खाली हुद्दा नको, 'हवंय' काय ते तीन शब्दांत.

जागेबद्दल थोडंच. तीस माणसांना पाचशे चौरस फूट भरपूर. दीड हजाराच्या हॉलमध्ये तीच माणसं भिंतीला चिकटतात आणि कार्यक्रम पडल्यासारखा दिसतो. किनाऱ्यावरची शॅक किंवा पत्र्याचं छप्पर नकोच: पाऊस आला की समोरच्याचं नाव ऐकू येत नाही. वीज जाणारच. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही, म्हणून उघडणाऱ्या खिडक्या आहेत का ते बघून ये. प्रोजेक्टर नको, संगीत नको. कमरेइतकी उंच चार टेबलं, भिंतीकडे दहा-बारा खुर्च्या, दाराशी छत्र्यांसाठी दोन बादल्या आणि पायपुसणं.

खाणं एका हातात मावेल असं. रस्सा ओतलेलं रॉस ऑम्लेट कितीही आवडत असलं तरी त्याला बशी, पाव आणि दोन्ही हात लागतात. बटाटवडे, सामोसे, माशाचे कटलेट. माणशी तीन नग म्हणजे नव्वद, शाकाहारी ट्रे वेगळा. चहा पंचेचाळीस कप, पाण्याचा वीस लिटरचा एक जार. टेबल दारापासून सगळ्यात लांब ठेव, म्हणजे तिथवर जाताना माणसं चार जणांना ओलांडतील. बिअरचा मोह टाळ. एकवीसच्या खालच्यांना ती देता येत नाही आणि तुझे विद्यार्थी त्याच वयाचे. विकायची तर अबकारी परवाना लागेल. शिवाय अर्धी माणसं गाडी चालवत घरी जाणार.

पैसे देणारे वीस जण धरलेस तर चार हजार जमतात. खाणं, चहा-पाणी, कार्डं-मार्कर यात ते संपतील, म्हणून जागा फुकट मिळव. कोवर्किंगवाले, म्हणजे ऑफिसातली टेबलं भाड्याने देणारे, संध्याकाळी देतात. प्रायोजक मिळाला तर त्याला टेबल दे, माईक देऊ नकोस.

सरकारी योजनांचे प्रश्न निघतीलच. सीएला एक गोष्ट सांगायला लाव: केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेच्या मान्यतेसाठी एकट्याच्या नावावरचा धंदा चालत नाही, नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड यांसारखी नोंदणीकृत संस्था लागते. बाकी त्याच्या ऑफिसात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नकोस. आठवड्यात तिथे सुप्रभात आणि प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात, आणि न विचारता नंबर वाटल्याचा राग येतो तो वेगळाच. सकाळी अकराच्या आत, ज्या जोड्या तू जुळवल्यास त्यांना वेगवेगळं विचार: "नंबर देऊ का?" दोघांचा होकार आला की एकत्र संदेश, त्यात वहीचं ते एक वाक्य. तीन आठवड्यांनी परत फोन: भेटलात का? किती जण आले हे कोणी विचारलं तर सांग, पण स्वतःच्या कागदावर फक्त दुसऱ्यांदा भेटलेल्या जोड्या मोज. पहिल्या वेळी तीन झाल्या तरी खूप.

एक राहिलं. आठला संपव म्हणजे संपवच. मडगावची शेवटची शटल बस चुकेल म्हणून सात वाजल्यापासून घड्याळ बघणारा माणूस कोणाशीच धड बोलत नाही. भिंतीवरच्या कागदाला तिसरा रकाना कर: 'परतीची वाट'. कोणाच्या गाडीत म्हापशाला दोन जागा, कोणाच्या फोंड्याला एक. मडगाव ३३ किलोमीटर. पावसात तासभर तरी जातो, आणि त्या तासात दोघांना कुठे उठून जाता येत नाही. बाणावलीचा गेस्टहाऊसवाला आपली गाडी घेऊन येणार असेल तर बुकिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या मडगावच्या मुलीला आणि तिच्या पार्टनरला त्याच गाडीत बसव. जाताना आपली बुकिंगची वही तिला दाखवायला सांग त्याला. गाडीच्या कप्प्यातच असते.