मुलगा ‘मी आले’ म्हणतो

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. शाळेत लिंगभावाबद्दल शिकवतात म्हणून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रण माजलंय. त्यात हा घरी ‘मी आले’, ‘मी नाही जेवणार, मी खेळते’ असं बोलतो. नवरा म्हणतो, हे शाळेचंच खूळ, याला भारतात पाठवू. कोल्हापूरच्या सासूबाई सध्या तिथेच आहेत, पण गप्प आहेत.

अगं, आधी त्या ‘मी आले’चं बघू. घरात त्याच्याशी दिवसभर मराठी कोण बोलतं? तूच ना? मग तो क्रियापदं तुझीच उचलणार. इंग्रजीत ‘आलो’ काय नि ‘आले’ काय, रूप एकच. शाळेतून हे येईलच कसं? बापाने रोज झोपताना त्याच्याशी मराठीत गप्पा माराव्यात, हळूहळू सुटेल. सासूबाई गप्प का, तेही कळलं मला. त्यांच्याकडे पोरी बिनदिक्कत ‘मी जातो’ म्हणतात! आणि लाडात आल्यावर लेकीला ‘कुठे होतास रे बाळा’ आपणच विचारतो की.

आता शाळा. तुमच्या राज्याने 2020 मध्ये आरोग्य शिक्षणाची नवी मानकं ठरवली, ती 2022 च्या सप्टेंबरपासून लागू झाली. दुसरी संपेपर्यंत मुलांनी कशावर बोलावं, तर माणसं आपला लिंगभाव किती तऱ्हांनी व्यक्त करतात आणि ‘मुलांनी हेच करायचं, मुलींनी तेच’ या साच्यांमुळे वागण्यावर कशी बंधनं येतात, यावर. प्रत्यक्ष धडा मात्र तुमचा स्थानिक शाळा-जिल्हा ठरवतो, म्हणून भांडण ग्रुपवर करून उपयोग नाही.

माझं मत विचारशील तर साच्यांबद्दल बोलण्यात मला काडीची अडचण वाटत नाही. पण भर वर्गात सात वर्षांच्या पोराला ‘तुला आतून काय वाटतं, मुलगा की मुलगी?’ असं कुणी विचारलं, तर मला ते घाईचं वाटेल. त्याच वर्गात एखादं लेकरू खरंच वेगळं असेल, तर त्याला कुणी चिडवू नये हे बघणं मात्र बाईंचं कामच. तुझा मुलगाही पुढे कधी ‘मी मुलगी आहे’ असं ठामपणे, सातत्याने म्हणू लागला, तर रागावू नकोस. ऐकून घे आणि बालरोगतज्ज्ञांशी बोल.

नवऱ्याला सांग, भारतात पाठवून हा वाद चुकणार नाही. 2021 मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, आणि आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली.

तुमच्या हातात तिथे बरंच काही आहे. आरोग्याच्या तासातला एखादा भाग मनाला पटत नसेल, तर न्यू जर्सीच्या कायद्याने लेखी कळवून मुलाला तेवढ्यापुरतं बाहेर ठेवता येतं. शाळेत वाचून दाखवल्या जाणाऱ्या, समलैंगिक आणि तृतीयपंथी पात्रं असलेल्या गोष्टीच्या पुस्तकांवरून मेरीलँडमधले पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 27 जून 2025 ला सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत मुलांना त्या तासांतून वगळण्याची मुभा त्यांना मिळाली. पण चिठ्ठी लिहिण्याआधी बाईंकडून तो धडा मागून घे. नवऱ्याला शेजारी बसव, सासूबाईंनाही, आणि तिघं मिळून वाचा. सासूबाईंना मराठीत समजावून सांगायचं काम मुलाच्या बापाकडे दे.

— मावशी